पाळ कोणी राखायची?

भंडारा शहर मागे टाकून कारध्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला आणि लाखनी-साकोलीच्या दिशेने निघालो, की थोड्या थोड्या अंतराने रस्त्याच्या कडेला मातीची लांब, बुटकी टेकाडे दिसू लागतात. त्यांवर पळस, मोह, जांभूळ उभे असतात. अनोळखी प्रवाशाला ती नैसर्गिक टेकाडेच वाटतात. प्रत्यक्षात त्या तलावांच्या पाळी आहेत. माणसांनी टोपल्यांनी माती वाहून, पायांनी तुडवून त्या बांधल्या आणि त्यांतील कित्येक दोनशे-तीनशे वर्षे उभ्या आहेत. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला धान, आणि धानाच्या पलीकडे गाव, अशी या मुलखाची मांडणी आहे. इंग्रजी अमदानीतील सरकारी ग्रंथांत भंडाऱ्याला नागपूरकडील सरोवरांचा प्रदेश म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

आजकाल 'शाश्वत विकास', 'सामाजिक उद्योग', 'समुचित तंत्रज्ञान' हे शब्द सभा-परिषदांतून वारंवार कानी पडतात. विशेषतः आफ्रिका खंडातील गरीब गावांसाठी काढलेल्या नवनव्या युक्त्यांची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. ते कौतुक योग्यच आहे. परंतु लोकांनी एकत्र येऊन, एका यंत्राच्या किंवा रचनेच्या आधाराने आपली उपजीविका टिकवावी, हा विचार आपल्याच मातीत किती जुना आहे, तो कशाने भरभराटला आणि कशाने खचला, हे आपण क्वचितच तपासतो. भंडाऱ्याच्या तलावांची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो ती याच हेतूने.

कोहळी आणि त्यांची विद्या

वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस कमी पडत नाही. पण जवळजवळ सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि जमिनीखालचा खडक बहुतेक ठिकाणी इतका कठीण की पाणी मुरून फारसे साठत नाही. धानाला खरी गरज लागते ती भाद्रपद-आश्विनात, दाणा भरण्याच्या वेळी. नेमका त्याच वेळी पाऊस पाठ फिरवतो. तेव्हा या प्रदेशात शेती करावयाची तर आषाढ-श्रावणातील पाणी आश्विनापर्यंत कोठेतरी थोपवून धरणे भाग होते. ते ज्यांनी थोपविले, त्या समाजाचे नाव कोहळी.

कोहळी हा संख्येने लहान, शेती करणारा समाज. मध्य प्रांतातील जातीजमातींविषयी रसेल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मोठमोठे तलाव बांधणारी जात म्हणून त्यांचा गौरवाने उल्लेख आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांच्या पूर्वजांना काशीहून आणले, अशी आख्यायिका त्यांच्यात सांगितली जाते. जो जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, असे त्या राजवटीचे धोरण होते, असेही परंपरा सांगते. आख्यायिकेतील ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी तिच्यातील व्यवहार ध्यानात घेण्याजोगा आहे. राजाने खजिन्यातून तलाव बांधले नाहीत. ज्याने श्रम घातले आणि जोखीम पत्करली, त्याला त्याने फळाचा वाटा दिला.

या तलावांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे नवेगाव बांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधविला, असे इंग्रजी गॅझेटियर नोंदविते. तलावाजवळच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात; बांध पुरा करण्यास त्यांनी कोलूला हात दिला, अशी लोकांची श्रद्धा. आणि कोलू पाटलाला गावाने पुढे कोलासुर देव करून टाकले. ज्याने पाणी अडविले त्याला देवपण देणारा समाज पाण्याची किंमत किती जाणत असेल! (१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हापासून नवेगाव बांध गोंदिया जिल्ह्यात मोडतो. आमच्या या लेखात जुना, अखंड भंडारा जिल्हाच अभिप्रेत आहे.)

तलाव किती होते? दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने पारंपरिक जलसंचयावर १९९७ साली जो मोठा ग्रंथ काढला, त्यात कोहळ्यांनी भंडारा जिल्ह्यात बांधलेल्या लहानमोठ्या तलावांची संख्या ४३,३८१ दिली आहे. त्यात शेकडो एकर भिजविणाऱ्या जलाशयांपासून शेताच्या वरच्या कोपऱ्यातील लहानशा 'बोडी'पर्यंत सर्व काही आले असावे.

ही केवळ मातीकामाची विद्या नव्हती. उतार पाहून वरचा तलाव अशा जागी घ्यावयाचा की त्याचे जादा पाणी खालच्या तलावात जावे, आणि त्याचे त्याच्याही खालच्या तलावात. तलाव भरून वाहू लागला की पाळ फुटू नये म्हणून एका अंगाला पाणी सोडण्याची वाट राखलेली असे. तिला 'सलंग' म्हणत. शेताला पाणी देण्यासाठी पाळीच्या आत 'तुडूम' असे. तुडूम म्हणजे एकाखाली एक भोके असलेली मोरी. आधी वरचे भोक उघडावयाचे, पाणी उतरत गेले की त्याच्या खालचे. असे केल्याने पाण्याचा जोर पाळीवर येत नसे, आणि किती पाणी शिल्लक आहे हे साऱ्या गावाला डोळ्यांनी दिसे. किती भोके उघडली, किती राहिली, हा गावाचा उघडा हिशेब होता. तो पाहण्यास कोणाला लिहिता-वाचता यावे लागत नव्हते.

हक्क आणि कर्तव्य

१८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली. त्यानंतरच्या जमीनबंदोबस्तात गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना इंग्रजांनी गावाची मालकीच देऊन टाकली. तलावही त्यांचे झाले. आजही सरकारी दप्तरात या जलाशयांना 'माजी मालगुजारी तलाव', किंवा तोंडी थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात, ते यामुळे.

मालगुजार हे सारे साधुपुरुष होते असे कोणी समजू नये. वेठबिगार होती, कर्जबाजारीपणा होता, आणि ज्या पाळीवर गावाने घाम गाळला तिच्याखालची उत्तम जमीन बहुधा मालगुजाराचीच असे. तलावात मासे धरून पोट भरणाऱ्या धीवरांच्या वाट्याला तर जमीन जवळजवळ नव्हतीच. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाळ कोणी राखावयाची, हा प्रश्न त्या काळी कोणास पडत नसे. उन्हाळ्यात मालगुजाराने सांगावे आणि तलावाखाली ज्यांची शेते आहेत त्यांनी मनुष्यबळ द्यावे, हे ठरलेले होते. गावाचे पाण्यावरील हक्क वाजिब-उल-अर्ज या गावदप्तरात नोंदलेले असत. हक्क लिहिलेला आणि कर्तव्य ठाऊक असलेले, या दोहोंच्या जोडीवर पाळ उभी होती.

पुढे सरकारने स्वतःही तलाव बांधले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाल्यावर पाटबंधाऱ्यांकडे लक्ष गेले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खैरबंदा, बोदलकसा, चोरखमारा असे जलाशय या जिल्ह्यात झाले. परंतु गावोगावच्या धानाचा भार जुन्या तलावांवरच राहिला.

मालक गेला, पाळ राहिली

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी-मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा मध्य प्रदेश सरकारने १९५० साली केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. हे न्यायाचे पाऊल होते, याविषयी आमच्या मनात शंका नाही. मात्र त्या दिवशी तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्याबरोबर पाळ राखण्याचे कर्तव्यही गावाच्या खांद्यावरून उतरले. पुढील अकरा वर्षांतील घडामोडी पाहा. १९५१ साली तलाव मध्य प्रदेश शासनाचे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि लहान तलावांची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. तलाव जागचा हलला नाही. त्याची फाईल मात्र एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडत राहिली.

सरकारने पाणीपट्टी मागितली तेव्हा शेतकऱ्यांनी सांगितले, की आमच्या पूर्वजांनी हे बांधले, पाणी आमच्या हक्काचे आहे, पट्टी कशाची? सरकारचे म्हणणे, उत्पन्न नाही तर दुरुस्ती कशाने करावी? दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते, आणि त्या दोन खऱ्या म्हणण्यांच्या मध्ये गाळ साचत गेला. सलंगी ढासळल्या, तुडुमे बुजली. तलावाच्या उथळ काठावर धान लावणारे पुढे सरकले. आणि दक्षिण अमेरिकेतून आलेली, जनावरेही तोंड न लावणारी बेशरमाची झुडपे पाण्याच्या कडेने दाट माजली. विकासाचे डोळे आता मोठ्या धरणांकडे लागले होते. २२ एप्रिल १९८८ रोजी वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, आणि गावचा तलाव हा जुन्या काळातील एक वस्तू ठरला.

आफ्रिकेतील एक चक्र आणि एक बंधारा

येथे क्षणभर आफ्रिकेकडे वळू. कारण पाळीचा हाच प्रश्न तेथे निराळ्या रूपात उभा राहिला आहे.

दक्षिण आफ्रिकेत एक मनोवेधक युक्ती निघाली. शाळेच्या अंगणात मुलांना खेळण्याचे गोल चक्र बसवायचे; मुले ते फिरवतील तसतसे विंधणविहिरीचे पाणी उंच टाकीत चढेल; टाकीच्या चारी बाजूंना जाहिराती लावायच्या आणि त्यांच्या उत्पन्नातून देखभाल करायची. नाव 'प्लेपंप'. २००६ साली अमेरिकेत या योजनेसाठी मोठा निधी जाहीर झाला आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत चार हजार पंप बसविण्याचे ठरले. हेतू उत्तम होता. पण मुले दिवसभर खेळत नाहीत; तेव्हा मोठ्या बायकांनाच ते अवघड चक्र हातांनी फिरवावे लागले. आडगावातील टाकीवर जाहिरात लावण्यास कोणी आले नाही. पंप मोडला तर तो गावात दुरुस्त होण्यासारखा नव्हता, बाहेरच्या माणसाची महिनोन्महिने वाट पाहावी लागे. चार हजारांचा आकडा गाठण्यापूर्वीच योजना गुंडाळली गेली.

आता दुसरे उदाहरण. केनियाच्या पूर्वेकडील उकांबानी या कोरड्या प्रदेशात नद्या वर्षातील काही दिवसच वाहतात. तेथील कांबा लोकांच्या गटांनी नदीपात्रात आडव्या भिंती बांधल्या. पुराबरोबर आलेली वाळू भिंतीमागे साचते आणि तिच्या पोटात पाणी राहते. उन्हाने ते आटत नाही. बाहेरच्या संस्था सिमेंट व मार्गदर्शन देतात. दगड आणि श्रम गावाचे. हे श्रम 'म्वेथ्या' या नावाने तेथे पूर्वापार चालत आलेल्या सामूहिक कामाच्या रिवाजातून येतात. त्याच देशात २००७ साली मोबाईल फोनवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही सोय सुरू झाली, आणि तिच्या आधाराने एम-कोपासारखे उद्योग निघाले. गरीब कुटुंबाने सौरदिवा घ्यावा, रोज लहानसा हप्ता फोनवरून भरावा, हप्ते फिटले की दिवा त्याचा.

चक्र, भिंत आणि दिवा, तिन्ही माणसाच्या बुद्धीचीच लेकरे. फरक यंत्राच्या हुशारीत नाही. मोडल्यावर दुरुस्त कोण करील, आणि लाभ कोणाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी दिलेली होती की नव्हती, एवढाच तो फरक. कोलू पाटलाच्या काळी ही उत्तरे दिलेली होती. १९५१ नंतर ती पुसली गेली. नवी कोणी लिहिली नाहीत.

धीवरांचा तलाव

ती नव्याने लिहिण्याचा प्रयत्न जेथे झाला, तेथे तो जमीनवाल्यांनी आरंभला नाही, हे विशेष. तो तलावावाचून ज्यांना दुसरे काहीच नव्हते, त्या धीवरांमध्ये झाला.

मालगुजारी गेल्यावर धीवरांच्या सहकारी मत्स्यव्यवसाय संस्था निघाल्या आणि त्यांना तलाव ठेक्याने मिळू लागले. हे एक मोठे स्थित्यंतर होते. ज्यांना काठावर उभे राहण्यास परवानगी लागे, ते आता संस्थेचे सभासद झाले. पण उत्पादन वाढविण्याची जी दिशा त्यांना दाखविण्यात आली ती अशी: कटला, रोहू, मृगल यांचे बीज विकत आणून सोडा, पाण्यातील गवत काढून टाका. काही वर्षे मासळी भरपूर दिसली. मग मरळ, शिंगी, मागूर आणि कितीतरी लहान देशी मासे दिसेनासे झाले. बीजाचा खर्च मात्र दरवर्षी चढत गेला. देशी मासा पाण्यातील गवतात अंडी घालतो, गवतात लपतो, गवतावरील बारीक किडे खातो. त्याचे घरच मोडले, तर तो राहील कोठे?

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याचे कार्यकर्ते मनीष राजनकर यांनी जे केले, त्याची सुरुवात एका साध्या गोष्टीने झाली. त्यांनी धीवरांना विचारले. कोणता मासा कोणत्या गवतात असतो, कोणते गवत किती खोल पाण्यात उगवते, काठावरील देवधानात कोणते पक्षी येतात, हे धीवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते एवढेच. त्या ज्ञानाला वनस्पतिशास्त्राची जोड देऊन गावोगावच्या संस्थांनी काम हाती घेतले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली. पाणी ओसरलेला उथळ भाग नांगरून घेतला. पाऊस पडून तलावात पाणी आले की पाण्याखाली वाढणारी गवते दुसऱ्या तलावांतून आणून हातांनी लावली, शेतात धान लावावे तशी. जेथे हे काम नेटाने झाले तेथे देशी मासे परतले, आणि त्यांच्यामागून पक्षीही आले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज जे काही थोडे उरले आहेत, ते याच तलाव-धानाच्या मुलखात आहेत.

याहून नवे तंत्रज्ञान आम्हांला क्वचितच माहीत आहे, आणि याहून जुनेही. त्याला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत. लागते ते उन्हात कंबरभर चिखलात उभे राहणारे माणूस. त्यातही ही लावणी पुष्कळ ठिकाणी स्त्रियांच्या हातून होते. मासे डोक्यावर घेऊन आठवडी बाजारात जाणारीही तीच. तरी संस्थेच्या सभासदांच्या यादीत तिचे नाव शोधावे लागते. या उणिवेकडे धीवर समाजातील काही जाणत्या स्त्रियांनीच आता बोट ठेवले आहे, ही आशेची गोष्ट होय.

चित्र सर्वत्र असे उजळ नाही. २०१७ साली राज्य शासनाने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना सुरू केली. गाळ काढणे आवश्यकच आहे. परंतु यंत्राने सर्व तळ सारखाच खोल खोदून काठ उभे कापले, तर जेथे गवत उगवते तो उथळ उतारच नाहीसा होतो. पाणी वाढते आणि मासा जातो. यंत्र चालविणाऱ्याला हे कसे कळावे? त्याच्या शेजारी तलाव ओळखणारा धीवर उभा असेल तरच कळेल.

आपल्या दाराशी

वसईकडील आमच्या वाचकांना हे सर्व परके वाटू नये. तेथील वाड्यांतील बावखले ही याच कुळातील. पावसाचे गोडे पाणी त्यांत साठे, त्यावर रहाट चाले, केळी आणि पानवेली पोसल्या जात, आणि आजूबाजूच्या विहिरींना खारेपणा येत नसे. नळ आला, जागेला भाव आला, आणि बावखल भरून टाकण्यात कोणास काही वावगे वाटेनासे झाले. आता काही तरुण मंडळी ती पुन्हा उपसू लागली आहेत.

त्याच वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी कॅथलिक पतपेढी काढली. 'सामाजिक उद्योग' हा शब्द तेव्हा कोणी ऐकलाही नव्हता. पण सभासदाने आपला भाग घालावा, कर्ज फेडावे, हिशेब पाहावा, ही शिस्त तिच्यात पहिल्या दिवसापासून होती. आणि म्हणूनच ती बँक म्हणून शंभरी ओलांडून उभी आहे. भंडाऱ्याच्या पाळीत आणि या पतपेढीत मातीचे नाते नसेल, रीतीचे आहे.

आपल्या धर्मग्रामातही विहीर खोदली जाते, सौरदिवे बसतात, महिलामंडळाला शिलाईयंत्रे मिळतात. उद्घाटनाच्या दिवशी फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. पाच वर्षांनी तेथे काय उरते, हे आपण सर्व जाणतो, आणि त्यात आम्ही धर्मगुरूही दोषाचे वाटेकरी आहो. देणगी मागताना आम्ही यंत्राची किंमत लिहितो. ते मोडल्यावर कोणी दुरुस्त करावयाचे, याची ओळ अर्जात नसते. पुढच्या वेळी ती पहिली लिहावी. कोणाची नावे, कोणता महिना, किती वर्गणी, लाभात कोणाचा किती वाटा, हे सर्व गावाने बसून ठरवावे, आणि सभेत सहसा मागे बसणाऱ्या बाईला त्यात पहिल्यांदा विचारावे.

नवेगावच्या सात टेकड्यांनी कोलू पाटलाला हात दिला, असे लोक म्हणतात. टोपल्या वाहणाऱ्या ज्या शेकडो हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्यांचीच आठवण गावाने सात बहिणींच्या रूपाने जपली असावी, असे आम्हांला वाटते. त्या हातांनी बांधलेली पाळ अजून उभी आहे. येत्या वैशाखात तिच्यावरील बेशरम उपटण्यास कोण जाणार, एवढेच ठरावयाचे आहे.